यंत्रातली केरसुणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं आयुष्य वसईच्या वाडीत मोगरा खुडण्यात आणि गजरे करण्यात गेलं. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर फडकं मारायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

मुलगी एका लहान कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. नोकरी अजून कच्ची होती. तिनं केलेला बिलांचा प्रोग्रॅम एका दुकानात लावला होता. सकाळी तो पळायचा, दुपारी रेंगाळायचा आणि संध्याकाळी ऐन गर्दीत बंद पडायचा. साहेबांनी सांगितलं, सोमवारी पुन्हा बंद पडला तर येऊ नकोस. रविवारी ती न जेवता त्या डबड्यासमोर बसून होती.

"झालंय काय त्याला?" मी विचारलं.

"मेमरी भरते, आई."

"मग रिकामी कर."

"ते मी नाही करत. त्याच्या आत झाडणारा असतो, तो आपोआप झाडतो."

"आणि केर कुठला, कामाचं कुठलं, हे त्याला कोण सांगतं?"

ती उठून माझ्यासमोर बसली. माझ्या हातातल्या अर्धवट गजऱ्याच्या दोऱ्याचं टोक धरून तिनं तो उचलला. "दोऱ्याबरोबर वर आली ती फुलं कामाची. खाली राहिली तो केर. फूल ताजं की शिळं, ते तो बघत नाही. टोकापासून तिथवर पोचता येतं का, एवढंच बघतो."

मी खालची दोन फुलं देठांनी एकमेकांत अडकवली. "आणि ही? यांनी एकमेकांना धरलंय."

"दोऱ्याला आहेत का? नाहीत. मग दोन्ही जाणार."

"निर्दय आहे मेला."

"तुझ्यावर गेलाय."

जन्मभर मी केर काढला तो वाकून, बघून, निवडून. तरी कधी कानातलं केरात गेलंच. इथं गिऱ्हाईक समोर उभं असताना कुणी झाडतंय, आणि दोऱ्यातलं एक फूल हलत नाही! माणसाच्या डोक्यातून हे निघालं कसं? देवळातसुद्धा मी कधी इतकी थक्क झाले नव्हते.

मुलीनं सांडलेली फुलं झाडायला घेतली आणि देवघरापाशी थांबली. तिथं निर्माल्याची टोपली असते. देवाची उतरलेली फुलं आम्ही केरात टाकत नाही. साठवून माडाच्या बुंध्याशी ओततो. त्या आठवड्यात ती कुणी ओतली नव्हती. फुलं टोपलीबाहेर आली होती.

"आई, मी तिथंही टोपली ठेवलीय!" ती ओरडली. छापून झालेलं प्रत्येक बिल तिनं प्रोग्रॅममध्ये बाजूला ठेवलं होतं, आणि ती टोपली दोऱ्याला बांधलेलीच होती. झाडणारा तिला हात लावणार कसा? त्याच रात्री तिनं ती गाठ सोडली.

गल्लीत सांगतात, चूक मी शोधली. खोटं आहे. मी गजरा करत होते.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मागं दुकानातला गोंगाट होता. "आई, गर्दी आहे आणि चालतोय. साहेब म्हणाले, उद्या वेळेवर ये."

"बरं झालं. झाडलेला केर तो टाकतो कुठं?"

"कुठंच नाही. ती जागा मोकळी धरतो आणि त्याच्यावरच नवं लिहितो."

"उचलतच नाही?"

"नाही."

रोज उकिरड्यापर्यंत केर वाहिलेल्या बाईला हे पटायला वेळ लागतो. मला अजून लागतोय.