कमजोर दूध

एरोनिल्देबाईचं तोंड म्हणजे भट्टी, आणि त्या भट्टीशेजारी मी एकोणीस वर्षं काढली. ब्राझीलच्या उत्तरेला, आमच्या नदीकाठच्या गावात, दवाखान्याच्या दूधपेढीत आम्ही दोघी कामाला. ज्या बाळंतिणीला दूध जास्त, तिच्या घरून ते कॉफीच्या उकळून घेतलेल्या बाटल्यांतून आणायचं आणि नव्या आयांना अंगावर पाजायला शिकवायचं.

आमच्याकडे दर दुसरी बाळंतीण एकच रडगाणं गाते, माझं दूध कमजोर आहे. की लगेच तिची सासू बाळाला पाजायला कसाव्याच्या कंदाची पेज शिजत घालते. बाई आधी बाळंतिणीची छाती तपासायची, बाळाचं वजन करायची आणि मग सासूला धारेवर धरायची. "कमजोर दूध नावाची चीज जगात नाही. कमजोर आहे ती तुमची अक्कल." तिच्यामुळे गावातली शेकडो पोरं गुटगुटीत झाली, हे काही खोटं नाही.

मग तिची स्वतःची लेक तैनारा बाळंत झाली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी तैनारा म्हणाली, आई, माझं दूध कमजोर आहे. बाई हसली. मीही हसले, कशाला लपवू? बाईने बाळ छातीला लावून दिलं आणि नेहमीचा धडा ऐकवला. सहाव्या दिवशी तैनाराने पुन्हा तेच सांगितलं, लंगोट कोरडे राहतात असंही म्हणाली. बाईने वजनकाटा पिशवीतून काढलाच नाही. घरचं लेकरू, त्याचं काय वजन करायचं!

आठव्या दिवशी बाळ उठेना.

तैनाराला दूध नव्हतंच. हजारात एखादीला नसतं. पण आमच्या बायकांकडे त्याला वेगळा शब्द नाही. दूध कमी असो की मुळीच नसो, सगळं कमजोरच. आणि त्या शब्दाचं उत्तर आम्हा दोघींना तोंडपाठ.

दवाखान्यात नळीने दूध घातलं, आम्हीच दारोदार फिरून आणलेलं. बाळ वाचलं. बाई काचेपाशी उभी होती, डोळे कोरडेठाक. तैनारा जवळ आली आणि आवाज न चढवता म्हणाली,

"मी परकी असते, तर तू एकदा तरी तपासलं असतंस."



आता तैनारा सासरीच राहते. ज्या दूध-पावडरीच्या डब्यांना बाईने जन्मभर शिव्या घातल्या, तसला डबा बाई स्वतःच दर सोमवारी औषधाच्या दुकानातून विकत घेते, लेकीच्या उंबऱ्यावर ठेवते आणि दार न वाजवता परत फिरते. कामावर येते, नव्या आयांना शिकवते, पण कुणाला शिवी देत नाही. तिच्या शिव्या इतक्या आठवतील असं मला वाटलं नव्हतं. परवा मी म्हटलं, एरोनिल्दे, एकदा रडून तरी घे.

म्हणाली, "येत नाही गं."