मागच्या वाडीचे बावीस फॉर्म

"बंगल्याच्या मागं जा. तुमाला काय, सवय हाय."

बंगल्याची मालकीण असं म्हणाली तेव्हा मी नुकतंच तिच्याच तोंडचं फॉर्मवर लिहिलं होतं. माणसं चार, संडास पाच. त्यातला एक वापरू का, एवढंच मी विचारलं होतं. सकाळपासून घरोघर हिंडत होते. ओटीपोटात कळ येत होती.

आधी ती मला ताई म्हणत होती. मग विचारलं, "कुठची गं तू?" मी सांगितलं, तुमच्या कुंपणामागची. कातकरवाडीतली. ताई तिथंच संपली.

मी मागं गेले नाही. मांड्या आवळून पुढची तीन घरं केली.

पनवेलच्या जुन्या पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनी बदलायच्या होत्या. त्याचा सर्व्हे एका ठेकेदाराकडे होता. वाडीत बारावी झालेली मी पहिली, म्हणून मला घेतलं. नेरे गावाकडं जाणाऱ्या रस्त्याची घरं माझ्याकडे होती.

मला राग आला, असं मी लोकांना सांगते. खोटं. आधी मी जळले. त्या बाईच्या पोरीवर जळले. माझ्याच वयाची. दिवसाढवळ्या आत जाऊन कडी लावते. माझी आई अंधार पडेस्तोवर थांबते, म्हणून दिवसभर पाणीही बेतानं पिते. त्या बंगल्याची घाण जुन्या फुटक्या लाइनीतून आजही आमच्या ओढ्यात येते. आता नवी लाइन येणार, ती घाण बंद पाइपातून मानानं नेणार. मी त्यांच्या घाणीवर जळले.

संध्याकाळी साइट ऑफिसात नकाशा बघितला. लाइन बंगल्याच्या गेटाशी थांबलेली. मागं कोरा कागद.

"सर, इथं आमची वाडी आहे. बावीस घरं."

सुपरवायझर म्हणाला, "फंड जुन्या लाइनी बदलायला आलाय. तुमच्याकडं लाइनच नाही, तर बदलू काय?" आणि हसला. शेजारचे दोघेही हसले.

दुसऱ्या दिवशी मी नेमून दिलेल्या घरांना गेलेच नाही. वाडीत गेले. पहिलं घर आमचं.

"आई, नळ आहे?"

"तुला म्हायती नाय?"

"तू सांग. मला लिहायचंय."

"नाय," आई म्हणाली. मग जरा जोरात, "नाय म्हून लिव."

बावीस फॉर्म भरले. अंगठे घेतले. सुपरवायझरच्या टेबलावर ठेवले.

"हे कुणी सांगितलं करायला? उचल."

"उचलणार नाही. पोच द्या. नाहीतर घेत नाही असं लिहून सही करा."

त्यानं सही केली नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.

नोकरी गेली. जळणं गेलेलं नाही, आणि मी ते विझू देणार नाही. फॉर्मच्या झेरॉक्स मी आधीच काढून ठेवल्या होत्या. त्या पालिकेत दिल्या, त्यावर आवकचा शिक्का घेतला. उत्तर अजून नाही. बंगल्यापर्यंत चर खोदायला मशीन येईल, तेव्हा आम्ही बाया त्या चरात उतरणार. पहिली मी. आमच्या वाडीचा पाइप जोडल्याशिवाय त्यावर माती पडू देणार नाही.