तिरपा पाइप
मोटारीच्या पाइपाला शेवाळाचा वास आला, की हळदीच्या वावरातल्या आमच्या गोल हौदातली पहिली पिल्लं आठवतात. नदीतून महसीर मासा संपत चालला, म्हणून मी त्याची बोटाएवढी पिल्लं हौदात वाढवली होती. धारेशी झुंजायची सवय लागावी म्हणून लाइट आली की पाइप तिरपा सोडायचे, पाणी गरगर फिरायचं आणि सांडलेलं हळदीला जायचं. "माशाला पोहणं शिकवून राहिलीस व्हय?" चुलत सासरे चारचौघांत हसले. मी म्हणाले, "मामा, हौदातच वाढली ती. धार कशी असती, त्यायला कोण सांगंन?" पिल्लं कयाधू नदीत सोडली त्या सकाळी ते मुद्दाम आले. "गेली वाहून," म्हणाले, तोवर पिल्लं वळली आणि धारेकडं तोंड करून उभी राहिली. आता हौदात नवी पिल्लं आहेत, हसणारेही नवे आहेत. लाइट आली बघा, मी निघाले.