दैवशालाबाईंची कोपी

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, शेतात ज्वारीच्या ताटांचीच कोपी उभी राहिली पाहिजे, हा तेर गावच्या दैवशालाबाईंचा हट्ट. त्या छपराखाली चुन्यानं रंगवलेले पाच दगडी पांडव मांडायचे, अंबील शिंपडायची, मग साऱ्या शिवाराला जेवायला हाका मारायच्या. म्हणून हरभऱ्याच्या रानातही त्या ज्वारीचा एक पट्टा पेरतातच. वाटणी करून वेगळा झालेला दीर उत्तरेश्वर त्याला हसायचा.

यंदा येळवसेच्या सकाळी तोच बांधावर आला. "वहिनी, कोपीपुरती ताटं द्या. आमच्या रानात नुसता हरभराच हाय."

"एक बी ताट मिळणार न्हाय," बाई कडाडल्या. "पाच पांडव एका कोपीत मावत्यात, भावजी. तुमी दोघंच भाऊ मावंना व्हय? जा, बायकापोरं घेऊन इकडंच या!"