आधी काय समजलं ते सांग!

आमच्या वाळूजच्या प्रेसशॉपमध्ये मशीनमधून ब्रॅकेट निघतात आणि ऑफिसमधून किस्से. साहेबांनी "सगळ्यांनी एआय शिका!" म्हणून फर्मान काढलं आणि किश्शांचं प्रॉडक्शन एकदम दुप्पट झालं! वर यात रिजेक्शन नाही. मी क्वालिटीला असल्यामुळे सगळे माझ्याच टेबलासमोर घडतात.

*

पहिला मान स्टोअरच्या देशपांडे काकांचा. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद जावक नंबराशिवाय बाहेर गेलेला नाही. त्यांनी चॅटबॉटला लिहिलं, "जावक क्र. १. महोदय, स.न.वि.वि."

उत्तर आलं, "आपले पत्र जावक क्र. १ मिळाले."

काका खुर्चीतून उठलेच! "बघा! पुण्याच्या कस्टमरनं आजवर कधी नंबर टाकून उत्तर दिलंय?"

*

मग मी त्यांना सांगितलं, "काका, त्याला आधी भूमिका द्यायची. तू अमुक आहेस, असं सांगायचं."

काकांनी लिहिलं, "तुम्ही आमचे मालक आहात. मला मुलीकडे जायला चार दिवस रजा हवी आहे."

बॉट म्हणाला, "अवश्य जाऊन या. कामाची काळजी करू नका."

काकांनी प्रिंट काढून थेट खऱ्या मालकांसमोर, म्हणजे साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी दोनदा वाचली. "काका, मी नोकरीला होतो तेव्हा मला असा मालक का नाही भेटला?" म्हणाले आणि सही करून टाकली!

*

माझंही ऐका, हसा खुशाल. चहाची वेळ पंधरा मिनिटं पुढे गेली होती. मी लिहिलं, "सविस्तर नोटीस दे." तीन पानं आली! त्यात चहाचा इतिहासही होता. लोकांचं वाचून होईपर्यंत चहा संपला.

*

आता सांडूभाऊ. सिल्लोडचे, प्रेसशॉपचे सुपरवायझर. त्यांचा एकच नियम. नव्या ऑपरेटरला काम समजावायचं आणि म्हणायचं, "आधी काय समजलं ते सांग. तवर मशीनला हात लावू नको."

गेल्या महिन्यात पुण्याहून अख्खा लॉट परत आला. ब्रॅकेटची भोकं सरकली होती. शनिवारी पाचपर्यंत इंग्रजीत कारण कळवा, पटलं नाही तर ऑर्डर बंद! लॉट ऑपरेटर मंगलताईंच्या प्रेसवरचा. त्या सकाळपासून रडवेल्या होत्या. मी नेमका रजेवर (पुढचं मला मंगलताईंनीच सांगितलं), आणि सांडूभाऊंचं इंग्रजी यथातथाच.

त्यांनी लिहिलं, "पत्र लिही."

बॉटनं होस्टेलमधल्या मुलाचं आईला पत्र लिहून दिलं!

"आरं, माझी आई सिल्लोडलाच हाय! तिला मी रोज फोन करतो!" सांडूभाऊ ओरडले. मग शांत झाले आणि नव्या ऑपरेटरला सांगतात तसं सगळं मराठीत लिहिलं. पार्ट कोणता, काय झालं, पत्र कोण वाचणार, ते इंग्रजीत हवं. खाली नेहमीचं वाक्य, "आधी काय समजलं ते सांग. तवर पत्राला हात लावू नको."

बॉटनं चार मुद्दे सांगितले. तिसरा होता, "ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे."

सांडूभाऊंनी एकदा मंगलताईंकडे बघितलं. मग एका बोटानं टाइप केलं, "नाय. पत्रा जिथं टेकतो तो स्टॉपर झिजलाय हे तिनं मला दोन दिवस आधी सांगितलं व्हतं. मीच बघू म्हणालो. चूक माझी हाय, तसंच लिही. रोज सकाळी स्टॉपर मीच तपासणार, ते बी लिही. आता परत सांग."

बॉटनं परत सांगितलं. चारही मुद्दे बरोबर!

"लाव हात," सांडूभाऊंनी लिहिलं.

सोमवारी मी कामावर आलो, तर पुण्याचा मेल आलेला, उत्तर मान्य, ऑर्डर चालू! काका आनंदानं आवक रजिस्टर शोधायला पळाले. मंगलताईंनी पेढे वाटले. मला इतका आनंद झाला की मी दोन खाल्ले.

सांडूभाऊ मात्र कॉम्प्युटरसमोर बसून बॉटला काहीतरी टाइप करत होते. मी वाकून बघितलं.

"लई चांगलं काम केलं. उद्यापासून सकाळच्या शिफ्टला ये. डबा आणायला इसरू नको."