लग्नात फोडलेल्या बांगड्या

नवरा गेल्यापासून मला हळदीला, ओटी भरायला कुणी बोलावत नाही. चुलीपाशी मात्र हक्कानं बोलावतात. वेल्ह्याजवळच्या आमच्या गावात भावकीतलं लग्न होतं, तेव्हाही मी मांडवामागं आमटी ढवळत होते. माझी धाकटी जाऊ बादली घेऊन आमटी न्यायला आली. ओतताना पातेलं कलंडलं आणि उकळती आमटी तिच्या उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत सांडली.

तिच्या किंकाळीनं सगळा मांडव मागं आला. कुणी हळद आणली, कुणी टूथपेस्ट. सासूबाई ओरडल्या, "पानी लावू नगा, फोड येत्याल!"

मी खेड शिवापूरला एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिथं आम्हाला प्रथमोपचार शिकवले होते. निम्मं विसरले, पण भाजल्यावर काय करायचं ते पक्कं होतं. लगेच गार पाण्याची धार धरायची, वीस मिनिटं तरी, आणि हात सुजायच्या आत त्यात जे काही असेल ते काढायचं. मी तिला ओढत टँकरपाशी नेलं आणि पाईप सोडला. पंगतीचं पाणी वाया चाललं म्हणून आरडाओरडा झाला. होऊ दे म्हटलं. पाणी पुन्हा आणता येतं.

खरा प्रश्न बांगड्यांचा होता. कासारणीनं तिला आदल्या दिवशीच हिरवा चुडा अगदी घट्ट भरलेला. पाटल्या कशाबशा सरकल्या, पण काचेच्या बांगड्या हलेनात. मनगट डोळ्यांदेखत फुगत होतं आणि बोटं पांढरी पडू लागली होती. मी मांडववाल्याची पक्कड मागितली.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "सवाशिणीचा चुडा फोडतीस? तेबी तू?"

त्या 'तू'मध्ये काय होतं ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा कुणी पक्कड शोधली नव्हती. दगडावर हात आपटला होता माझा, आणि ह्याच सगळ्या बायका गोल करून उभ्या होत्या. तेव्हा कुणाला अभद्र वाटलं नाही.

"व्हय, मीच," मी म्हणाले. "हात गेल्यावर चुडा कशात भरणार?"

ओलं फडकं टाकून मी एकेक बांगडी पकडीत धरून फोडली. काच फुटल्याचा आवाज झाला की बायका तोंडावर पदर घेत होत्या. आणि ज्याच्या आयुष्यासाठी हा एवढा गोंधळ चालला होता तो माझा दीर स्वतः पाईप धरून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "वयनी, जरा बेतानं."

नंतर स्वच्छ धुतलेला पंचा हातावर सैल टाकून तिला टेम्पोत बसवायला निघालो, तर सासूबाई आडव्या आल्या. निदान एक तरी बांगडी चढवू द्या म्हणाल्या, मोकळ्या हातानं सवाशीण दवाखान्यात जात नाही. कासारीण बांगडी घेऊन हजरच होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात जाऊच बोलली.

"आत्याबाई, जाऊबाईंचाबी हात मोकळाच हाय. त्यांच्याशेजारी बसून जाते मी."

आणि ती बसली. वेल्ह्यापर्यंत तिनं माझ्या खांद्यावरून डोकं उचललं नाही. मी रडले, रागानं का कशानं ते सांगता येणार नाही.

तिची बोटं वाचली. मनगटावर डाग राहिलाय, पण भाताच्या आवणीला ती आमच्यापुढं असते. दिराला अजून साधी सर्दी झाली तरी सासूबाई माझ्याकडं रोखून बघतात. मीही नजर खाली घालत नाही.