साळुंकीच्या मडक्यातला कापूस

"पाखराचं घर पाखराले बांधू द्या, तुमी त्यात हात घालू नोका," पार्बताबाई नवऱ्याला एकदाच म्हणाली होती. शेषरावांनी ऐकलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी त्यांचं घर. भाजी विकून आली की पार्बताबाई परसात रमायची. कडुनिंबाला तिनं बारक्या तोंडाची मडकी टांगली होती. मांजर चढू नये म्हणून बुंध्याला बाभळीच्या काट्या आवळल्या होत्या. मडकी शेजारच्या रजियाबीनं दिलेली. तिच्या घरी कापूस पिंजायचं काम. दोघी दिवसातून दहादा कुंपणाशी येत.

"पार्बता, तेरी साळुंकी माझ्या गाद्यांवर हगून राहिली, बोल तिले!"

"तुमच्या मडक्यात राहते, तुमीच बोला."

शेषराव कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होते. बाळंतिणीच्या अंथरुणात नवा कापूस भरायची त्यांच्या घरची रीत. साळुंकी मडक्यात ये-जा करू लागली, तेव्हा बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी आत पसाभर कापूस कोंबला. साळुंकीनं तो ठेवून घेतला. ते मनातून सुखावले.

ज्येष्ठात तीन पिल्लं उडाली. चौथं आतच ओरडत राहिलं. पार्बताबाईनं मडकं उतरवलं. कापसाच्या तंतूंचा पीळ होऊन पिल्लाच्या पायात रुतला होता, पाय काळा पडला होता. तिनं विळ्यानं पीळ तोडला. दुपारपर्यंत पिल्लू तिच्या ओंजळीतच गेलं.

"कापूस कुठून आला हो?"

"बाजूले पिंजाऱ्याचं घर. उडून आला असन," शेषराव बोलून गेले.

ती कुंपणाशी जाऊन नाही नाही ते बोलली. रजियाबी एवढंच म्हणाली, "मडकी म्या देल्ली, अन् पिल्लू म्या मारू?"

त्यानंतर कुंपणाशी कुणी आलं नाही. शेषराव रोज ठरवत, आज सांगू. जेवायला बसत, घास हातात घेत, आणि म्हणत, "मीठ कमी हाय."

वर्षभरानं रजियाबीचं बिऱ्हाड लेकाकडे अमरावतीला निघालं. गाडीत बसताना तिनं एकदा इकडे पाहिलं. पार्बताबाईनं तोंड फिरवलं. गाडी पूल ओलांडून गेली.

पार्बताबाई घरात येऊन शेंगा निवडायला बसली. शेषराव समोर उभे राहिले.

"तो कापूस मी टाकला होता. तिचा नव्हता."

 ती हातातली शेंग टोपलीत ठेवून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि दाराबाहेर पडून गाडी गेली त्या पुलाच्या वाटेनं चालू लागली.